हातमोजे आपल्या हातात, भीती त्यांच्या मनात

एल्सा म्हणजे दमन. फ्रोलो म्हणजे प्रक्षेपण. सिंबा म्हणजे वास्तव नाकारणं. निक म्हणजे बेफिकिरीचा मुखवटा. ॲनिमेशनपटांतली पात्रं घेऊन मानसशास्त्र शिकवणाऱ्या व्हिडिओंत आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांत हे कोष्टक आता ठरून गेलं आहे. प्रत्येक पात्रापुढे एक संज्ञा, प्रत्येक संज्ञेपुढे एक उपाय आणि शेवटी सगळ्यांना एकच सल्ला : आतल्या भिंती पाडा, स्वतःला स्वीकारा, मोकळे व्हा.

माझं भांडण त्या चित्रपटांशी नाही, मानसशास्त्राशीही नाही. भांडण या कोष्टकाशी आहे. त्यात मारणाऱ्याची ढाल आणि मार खाणाऱ्याची ढाल एकाच रांगेत ठेवलेली असते. फ्रोलोलाही 'आतल्या जखमा' आणि क्वासिमोदोलाही 'आतल्या जखमा'. एकाच्या हाती न्यायाधीशाची सत्ता आहे आणि दुसरा वीस वर्षं घंटेच्या मनोऱ्यात कोंडलेला आहे, हा तपशील कोष्टकात बसत नाही, म्हणून गाळला जातो. आपल्या मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाचा तपशील नेमका तोच आहे.

१९३६ सालची दोन पुस्तकं

आधी संरक्षण यंत्रणा म्हणजे काय ते सरळ सांगायला हवं. न झेपणारी भीती, लाज, अपराधभाव किंवा इच्छा समोर आली की मन स्वतःच्या नकळत काही युक्त्या करतं. नको ती गोष्ट आत दाबतं, हे दमन. घडलंच नाही असं धरून चालतं, हे नाकारणं. स्वतःच्या मनातलं वाईट दुसऱ्याच्या अंगावर टाकतं, हे प्रक्षेपण. वाईट कृत्याला चांगलं कारण जोडतं, हे समर्थन. वरच्यावरचा राग खालच्यावर काढतं, हे विस्थापन. आणि मारणाऱ्याचीच नजर आपली करून घेतं, याला म्हणतात आक्रमकाशी तादात्म्य. सिग्मंड फ्रॉइड यांनी या विचाराची सुरुवात केली. त्यांची कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली या यंत्रणांची नीट मांडणी करणारं पुस्तक व्हिएन्नात प्रसिद्ध केलं.

त्याच १९३६ साली इकडे बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध केलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण हाती पडल्यावर मंडळ घाबरलं, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. त्यात ते सांगतात की जात म्हणजे विटांची भिंत किंवा काटेरी तार नाही, ती मनाची एक अवस्था आहे.

या दोन पुस्तकांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण दोन्ही शेजारी ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. जात मनात आहे असं म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. मन बदला, प्रेमाने वागा, असा उपदेश करून ते मोकळे झाले नाहीत. हे मन घडवलं कुणी, त्याला मान्यता दिली कुणी, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि बोट थेट शास्त्रांच्या प्रामाण्यावर ठेवलं. मनापर्यंत जायचं आणि तिथून मन घडवणाऱ्या कारखान्यापर्यंत जायचं, ही आंबेडकरी पद्धत आहे. कोष्टकवाले मनापर्यंत येतात आणि तिथेच चटई टाकून बसतात.

ॲना फ्रॉइड यांचं पुढे काय झालं तेही पाहा. १९३८ साली नाझी व्हिएन्नात शिरले. गेस्टापोने त्यांना चौकशीसाठी नेलं. फ्रॉइड कुटुंबाला देश सोडून लंडन गाठावं लागलं. त्या काळात व्हिएन्नातला एखादा ज्यू दार लावून, आवाज खाली आणून बोलत असेल, तर त्याला 'तुझ्या मनात भीतीची गाठ आहे' असं कुणी म्हणेल का? बाहेर खरोखर गेस्टापो उभा होता. खऱ्या धोक्यापुढे धरलेली ढाल आणि स्वतःच्या पापापुढे धरलेली ढाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एवढा एक फरक हातात घेऊन आता पडद्याकडे वळू.

फ्रोलोची पवित्रता

डिस्नीचा 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' १९९६ साली आला. व्हिक्टर ह्यूगोची मूळ कादंबरी १८३१ सालची. कादंबरीत फ्रोलो धर्मगुरू आहे, चित्रपटात त्याला न्यायाधीश केलं आहे. सुरुवातीलाच तो एका रोमा बाईचा पाठलाग करतो. तिच्या हातातल्या गाठोड्यात चोरीचा माल असणार, असं तो धरूनच चालतो. गाठोड्यात तिचं बाळ असतं. ती चर्चच्या पायऱ्यांवर मरते. बाळाचं व्यंग पाहून फ्रोलो ते विहिरीत टाकायला निघतो. चर्चचा धर्माधिकारी त्याला अडवतो, तेव्हा नरकाच्या भीतीने तो बाळाला वाढवायचं कबूल करतो. पुढे हाच फ्रोलो त्या मुलाला शिकवतो की तुझ्या आईने तुला टाकून दिलं, जग क्रूर आहे, तू कुरूप आहेस, तुझा त्राता मी एकटा.

हे बघताना कोष्टक बाजूला ठेवा आणि फक्त हिशेब करा. खून केला कुणी? फ्रोलोने. निर्दय ठरली कोण? मेलेली आई. कोंडलं कुणी? फ्रोलोने. कुरूप कोण? कोंडलेला मुलगा. पुढे एस्मेराल्डाबद्दल फ्रोलोच्या मनात वासना जागी होते, तेव्हा तो आगीसमोर उभा राहून स्वतःच्या पावित्र्याची ग्वाही देतो आणि सगळा दोष त्या 'जादूटोणा करणाऱ्या' बाईवर टाकतो. त्यानंतर तिला शोधण्यासाठी पॅरिसमधली घरं पेटवत सुटतो.

मानसशास्त्राचं पुस्तक म्हणेल, प्रक्षेपणाचं उत्तम उदाहरण. खरं आहे, पण अर्धं. प्रक्षेपण तर गल्लीतला दारुडाही करतो, त्यासाठी शहर जळत नाही. फ्रोलोच्या प्रक्षेपणाला शिपाई मिळतात, कायदा मिळतो, धर्माचा आशीर्वाद मिळतो आणि 'ते लोक तसेच असतात' हे आधीपासून मान्य करून बसलेला समाज मिळतो. मनातली युक्ती आणि हातातली सत्ता एकत्र आली की व्यवस्था तयार होते.

'जिप्सी' हे नाव त्या लोकांना इतरांनी चिकटवलेलं. ते स्वतःला रोमा म्हणतात. त्यांची भाषा आपल्याच भाषांच्या कुळातली आहे. त्यांच्या भाषेतही पाण्याला पानी आणि नाकाला नाक यांसारखेच शब्द आहेत. शतकांपूर्वी उत्तर भारतातून निघालेल्या या भटक्यांच्या कपाळावर युरोपने चोर असा शिक्का मारला आणि नाझींनी त्यांच्यातल्या लाखोंना ठार केलं. इकडे ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून जन्मतःच गुन्हेगार ठरवलेले लोक आपल्या महाराष्ट्रातही होते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी कुठल्या पालावर जाते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. गाठोड्यात चोरीचाच माल असणार, असं धरून चालणारा फ्रोलो आपल्याला अनोळखी नाही.

प्रक्षेपणाचं आपल्याकडचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण महाडचं आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नंतर सवर्णांनी त्या तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. पाण्यात काय मिसळलं होतं? काहीच नाही. जे मळलेलं होतं ते त्यांच्या मनात होतं आणि धुतलं गेलं तळं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी लहानपणीचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग लिहिला आहे. विटाळाच्या भीतीने एकही गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि बैलगाडी मुलांनी स्वतःच हाकायची, असं ठरलं. गाडीवान गाडीबरोबर पायी चालला. दुप्पट भाड्यापुढे तडजोड करणारा तो विटाळ कसला होता, हे मानसशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाने वर्गात जरूर विचारावं. समर्थनाच्या यंत्रणेवर याहून चांगला धडा मिळणार नाही.

मोजे आणि खडूचं वर्तुळ

आता 'फ्रोझन' (२०१३). एल्साच्या हातातून बर्फ निघतो. लहानपणी खेळताना तिच्या हातून धाकट्या बहिणीला, ॲनाला इजा होते. आईवडील राजवाड्याचे दरवाजे बंद करतात, एल्साला हातमोजे घालतात आणि शिकवतात की आत जे आहे ते दाबून ठेव, कुणाला दिसू देऊ नकोस. ती वर्षानुवर्षं स्वतःच्या स्पर्शाला घाबरून जगते.

ही गोष्ट आपल्या माणसाला आतून हलवते, कारण स्पर्शाची भीती आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण इथे जपून चाला. एल्साच्या स्पर्शाने ॲना खरोखर गोठली होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या स्पर्शाने कुणी गोठलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, कुणाचं अन्न नासलं नाही. एल्साची भीती तिच्या स्वतःच्या मनात होती आणि मोजेही तिच्याच हातात होते. जातीमध्ये भीती एकाच्या मनात असते आणि मोजे दुसऱ्याच्या हातात चढवले जातात. अंग चोरून उभं राहायचं कुणी? ओंजळीने प्यायचं कुणी? ज्याला विटाळाचं भय वाटत होतं त्याने नव्हे. दुसऱ्याच्या मनाच्या आजाराचं पथ्य आपण पाळलं, दोन हजार वर्षं.

म्हणून एल्साला दिलेला सल्ला, 'मोजे काढ, मोकळी हो', आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. एल्सा राणी आहे. मोजे काढल्यावर तिला डोंगरावर बर्फाचा महाल बांधता येतो. आपल्या मुलाने मोजे काढले, म्हणजे आडनाव सांगितलं, तर त्याला भाड्याची खोली मिळत नाही.

हे हवेतलं बोलणं नाही. युवकांच्या एका शिबिरात बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने संरक्षण यंत्रणांवर सत्र घेतलं. स्लाइडवर एल्सा होती. एका मुलाने सांगितलं की शहरात खोली शोधताना तो आडनाव टाळून फक्त पहिलं नाव सांगतो. प्रशिक्षक म्हणाले, "हे स्वतःची ओळख नाकारणं झालं, यावर काम करायला हवं." मुलगा खाली मान घालून बसला. त्याआधी तीन घरमालकांनी आडनाव ऐकून त्याला खोली नाकारली होती, हे त्याने नंतर चहा पिताना सांगितलं. त्या प्रशिक्षकाला ते विचारावंसं वाटलं नव्हतं. नाकारलं कुणी होतं? तीन घरमालकांनी. 'नाकारणाऱ्या'चा शिक्का कुणाच्या कपाळावर बसला? त्या मुलाच्या. अनुभवातून शिकलेल्या शहाणपणाला आजाराचं नाव देणं, हेही एक प्रक्षेपणच आहे, फक्त प्रमाणपत्रासह.

'इनसाइड आउट' (२०१५) मला या सगळ्यांत जास्त प्रामाणिक वाटतो. रायली ही अकरा वर्षांची मुलगी मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला येते. तिच्या डोक्यात आनंद, दुःख, भीती, किळस आणि राग अशी पाच पात्रं आहेत. दुःख ज्या आठवणीला हात लावते ती निळी पडते, म्हणून आनंद तिला सतत दूर ठेवते. शाळेच्या पहिल्या दिवशी तर ती जमिनीवर खडूने वर्तुळ काढते आणि दुःखाला सांगते की तू या वर्तुळातच उभी राहा.

आमच्या विहारात रविवारी मुलांसाठी वर्ग असतो, तिथे हा सिनेमा दाखवला होता. एका मुलीने विचारलं, "पण तिने काय केलं होतं?" दुःखाने काय केलं होतं म्हणून तिला वर्तुळात उभं केलं? बरोबर प्रश्न होता. तिने फक्त हात लावला होता.

चित्रपटाचं उत्तर पुढे येतं. आनंदाने कितीही आटापिटा केला तरी रायली कोरडी पडत जाते. शेवटी दुःखाला वर्तुळाबाहेर येऊ दिलं जातं, तेव्हा कुठे रायली आईवडिलांना सांगू शकते की मला जुन्या घराची आठवण येते. समाजाचंही असंच असतं. आपल्या देशात सदैव आनंदी राहू पाहणारा एक वर्ग आहे. 'आता कुठे राहिली जात', 'सगळं विसरा', 'तुम्ही लोक सारखं तेच उगाळता' ही त्याची वाक्यं. खैरलांजी म्हटलं की त्यांची छान निळी-पिवळी आठवण बिघडते. म्हणून आपल्यासाठी खडूचं वर्तुळ काढलेलं असतं : बोला, पण १४ एप्रिलला आणि तेही तुमच्या वस्तीत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये दुःखाचं अस्तित्व मान्य करणं आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणं याला धम्माचा पाया मानलं. दुःख आहे हे मान्य केल्याशिवाय पुढचं पाऊलच पडत नाही. नाकारणं ही प्रस्थापितांची संरक्षण यंत्रणा आहे आणि तिचा खर्च आपण भरतो.

'तू त्यांच्यासारखा नाहीस'

'झूटोपिया' (२०१६) मधला निक वाइल्ड हा कोल्हा लबाडीवर पोट भरतो. कोष्टकात त्याच्यापुढे लिहिलेलं असतं : उपरोध, भावनिक अंतर, मुखवटा. त्याचं बालपण मात्र एका ओळीत उरकतात. लहान निकला बालवीरांच्या पथकात जायचं होतं. आईने गणवेश आणला होता. पथकातल्या मुलांनी त्याला पाडलं आणि कोल्हा म्हणून त्याच्या तोंडावर मुसकं बांधलं. त्या दिवशी त्याने दोन गोष्टी ठरवल्या : आपल्याला लागलंय हे कुणाला दिसू द्यायचं नाही, आणि जगाला कोल्हा लबाडच दिसत असेल तर दुसरं काही होण्याचा खटाटोप करायचा नाही. हे आक्रमकाशी तादात्म्य आहे. मारणाऱ्याने दिलेलं नाव त्याने स्वतःच अंगावर घेतलं. क्वासिमोदो स्वतःला राक्षस म्हणतो, तेही हेच.

पण सगळ्यात बोचणारा प्रसंग ज्युडीचा आहे. ससा असलेली ज्युडी प्रामाणिक आहे, पुरोगामी आहे, निकची मैत्रीण आहे. पत्रकार परिषदेत ती म्हणून जाते की शिकारी प्राण्यांच्या हिंसकपणाचं मूळ त्यांच्या जीवशास्त्रात असू शकतं. निक दुखावतो. ती समजावते की तू त्यांच्यासारखा नाहीस. निक विचारतो, म्हणजे आता 'ते' वेगळे झाले का? तो एक पाऊल पुढे येतो आणि तिचा हात नकळत कमरेच्या कोल्हे-प्रतिबंधक फवाऱ्याकडे जातो. हा फवारा तिच्या आईवडिलांनी तिला दिलेला असतो.

'तू त्यांच्यातला वाटत नाहीस' हे वाक्य शिकलेल्या प्रत्येक दलिताने ऐकलेलं आहे. बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं. आणि तो हात! तोंड समतेचं बोलतं आणि हात वारशाने मिळालेल्या फवाऱ्याकडे जातो. ज्युडी वाईट नाही. जात चालवायला वाईट माणसं लागतच नाहीत, आईवडिलांनी काळजीपोटी कमरेला बांधलेला फवारा पुरतो.

या चित्रपटाची एक गफलत मात्र सांगायलाच हवी. झूटोपियातल्या शिकारी प्राण्यांनी कधीकाळी सशांना आणि मेंढ्यांना खरोखर खाल्लं होतं. म्हणजे पूर्वग्रहाला इतिहासाचा आधार दिला गेला. शिवाय शेवटी कट करणारी निघते ती मेंढी, दुर्लक्षित आणि हिणवली गेलेली उपमहापौर. शोषिताच्या मनातल्या सूडातूनच खरा धोका येतो, असा अर्थ त्यातून सहज निघतो. आपल्या पूर्वजांनी कुणाला खाल्लं नव्हतं. हे रूपक आपल्याला लावताना एवढी गाळणी लावलीच पाहिजे.

मन कुणाला मिळतं?

'द लायन किंग' (१९९४) पाहिला नाही असं मूल विरळा. सिंबाचे वडील मरतात, काका स्कार तो दोष त्याच्यावर लादतो, सिंबा पळून जातो आणि जंगलात सगळं विसरून मजेत राहतो. वास्तव नाकारणं, अपराधभाव दाबणं, मग आरशासारख्या पाण्यात वडिलांचं दर्शन आणि घरी परतणं. राजपुत्राला संपूर्ण मानसशास्त्र मिळालं आहे.

आणि तरसांना? सूर्यप्रकाश पोचतो तेवढं राज्य सिंहांचं. अंधारी जागा, हत्तींच्या हाडांचं स्मशान, ते तरसांचं. तिथून बाहेर पडायचं नाही. गावकुसाबाहेरची वस्ती आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. तरस उपाशी आहेत, म्हणूनच पोटभर खायला मिळेल या आश्वासनावर ते स्कारच्या मागे जातात. पण त्यांची उपासमार हा विनोद आहे. त्यांना बालपण नाही, जखम नाही, अपराधभाव नाही, म्हणून संरक्षण यंत्रणाही नाही. त्यातल्या दोघांना आवाज दिला तो कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग आणि मेक्सिकन वंशाचे चीच मरिन यांनी, आणि यावर अमेरिकेत त्याच काळात टीका झाली होती.

कोष्टक बनवणारे सिंबावर पानं लिहितात. तरसांवर एक ओळ लिहीत नाहीत. मन ही राजपुत्रांची मालमत्ता आणि पोट तरसांचं, ही वाटणी त्यांना खटकतच नाही. बाहेरही हेच दिसतं. सवर्णाचा मुलगा खचला की 'नैराश्य', आपला मुलगा खचला की 'न्यूनगंड', आणि तो चिडला की 'जातीयवादी'.

आक्षेप आणि उत्तरं

'कार्टूनमध्ये जात कशाला आणता?' हा पहिला आक्षेप. जात आम्ही आणलेली नाही. स्मशानातले तरस, मुसकं बांधलेला कोल्हा, मनोऱ्यात कोंडलेला रोमा मुलगा ही पात्रं ज्यांनी रेखाटली, त्यांना आपल्या समाजातला वंशभेद दिसत होता. आपण आपल्या समाजातला भेद पाहायचा नाही, हा आग्रह तेवढा नवा आहे.

दुसरा आक्षेप : 'म्हणजे समुपदेशन नको?' हवं, भरपूर हवं, आणि वस्तीतही परवडेल असं हवं. झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात लाज नाही. पण त्या तज्ज्ञाने 'तुझ्या मनात काय आहे' यासोबत 'तुझ्यासोबत काय केलं गेलं' हेही विचारलं पाहिजे. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांबद्दल अहवाल दिला. वर्ग, परीक्षा, वसतिगृह, सगळीकडचा भेदभाव त्यात नोंदवलेला आहे. त्यानंतर २०१६ साली रोहित वेमुला गेला, २०१९ साली डॉ. पायल तडवी गेली. दोन्ही वेळा 'मनाने खंबीर असायला हवं होतं' म्हणणारे कमी नव्हते. हा सल्ला नाही, हे समर्थन आहे, शब्दशः मानसशास्त्रीय अर्थाने.

तिसरं, आपल्याच माणसांसाठी. विस्थापन नावाची यंत्रणा आपल्या घरातही चालते. बाबासाहेबांनी जातीला क्रमिक विषमता म्हटलं. वर जाताना आदर वाढतो, खाली येताना तिरस्कार. प्रत्येकाला लाथ मारायला कुणीतरी खाली मिळतं, म्हणून सगळे मिळून वर पाहत नाहीत. दिवसभर मुकादमाचं ऐकून घेणारा रात्री बायकोवर हात टाकतो, बौद्ध घरातला माणूस मातंग शेजाऱ्याला कमी लेखतो, तेव्हा तो व्यवस्थेचंच काम फुकटात करत असतो. ढाल मार खाणाऱ्याची आहे म्हणून ती कुणाच्याही डोक्यात घालायचा परवाना मिळत नाही.

मग मुलांना काय विचारायचं?

सिनेमे दाखवा, जरूर दाखवा. पण संपल्यावर 'यात कोणती संरक्षण यंत्रणा आहे' एवढंच विचारून थांबू नका. चार प्रश्न आणखी विचारा. भीती कुणाच्या मनात होती? त्या भीतीची किंमत कुणी दिली? दाराची किल्ली कुणाकडे होती? आणि शेवटी बदललं काय, फक्त त्या पात्राचं मन की आजूबाजूचे नियमसुद्धा?

या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक चित्रपट अडखळतात. क्वासिमोदोला गर्दी खांद्यावर उचलते, पण रोमांविरुद्धच्या कायद्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही. निक पोलीस होतो, एक कोल्हा वर्दीत येतो आणि पडदा पडतो. एकाला खुर्ची दिली की प्रश्न मिटला, ही युक्ती आपल्याकडच्या राजकारणालाही चांगली अवगत आहे.

या प्रश्नाचं खरं उत्तर पडद्याबाहेर एकदा दिलं गेलं आहे. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक काळ्या मुलांनी गोरी बाहुली छान म्हणून निवडली. क्वासिमोदोसारखं, निकसारखं, त्यांनीही मारणाऱ्याची नजर आपली केली होती. आजचा व्यक्तिमत्त्व विकासवाला असता तर म्हणाला असता, या मुलांसाठी आत्मविश्वासाचं शिबिर घ्या. क्लार्क यांचं संशोधन मात्र न्यायालयात नेण्यात आलं. १७ मे १९५४ रोजी, ब्राउन खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळाच घटनाबाह्य ठरवल्या. मुलांच्या मनातली जखम पाहून दोष मुलांत शोधला गेला नाही, शाळेच्या दारात शोधला गेला. मानसशास्त्र असंही वापरता येतं.

त्या शिबिरातल्या मुलाला आपण हेच सांगायला हवं. तुझं आडनाव लपवणं हा तुझा आजार नाही. तो तीन घरमालकांच्या आजाराचा पुरावा आहे. खोली मिळेपर्यंत ढाल खाली ठेवू नकोस, पण ती तुझी कातडी आहे असं समजू नकोस. आणि ज्या दिवशी आपण दहा-वीस जण एकत्र असू, त्या दिवशी आडनावासकट त्या दारात जाऊ आणि 'का नाही?' हे त्यांना विचारू. घाबरून उत्तर शोधण्याची पाळी आता त्यांची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!